गेटवेवरचा आळ: एका पॅकेट विश्लेषकाच्या दुरुस्तीचे प्रकरण

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणारा एक कारखाना आहे. तेथील प्रत्येक मागावर एक छोटा नियंत्रक बसवलेला असून माग कधी थांबला, ताणा तुटल्याने थांबला की बाणा, पुन्हा कधी सुरू झाला आणि त्या पाळीत मागावर कोण होते, ही माहिती तो आरएस-४८५ तारेवरून शेडमधील गेटवेला (मागांची माहिती गोळा करून नेटवर्कवर पाठवणाऱ्या यंत्राला) देतो. गेटवे या माहितीचे संदेश तयार करून टीसीपी जोडणीवरून कार्यालयातील सर्व्हरकडे पाठवतो आणि सर्व्हर प्रत्येक संदेशाची क्रमांकासह पोच देतो. थांब्यांच्या या नोंदींवरून पाळीचा भत्ता ठरत असल्यामुळे नोंद गळणे ही तेथे निव्वळ तांत्रिक अडचण राहत नाही. विणकर, जॉबर आणि व्यवस्थापन या तिघांचाही तिच्याशी थेट संबंध येतो.

गेटवेचे फर्मवेअर, म्हणजे त्या यंत्रातच बसवलेले सॉफ्टवेअर, बदलल्यानंतर काही दिवसांतच पाळी बदलण्याच्या वेळच्या नोंदी अपुऱ्या दिसू लागल्या. सर्व्हरचे सॉफ्टवेअर सोलापुरातीलच एका छोट्या गटाने लिहिलेले होते. त्या गटाने नेटवर्क स्विचच्या मिरर पोर्टवरून (रहदारीची प्रत देणाऱ्या जोडजागेवरून) रहदारी कॅप्चर केली, म्हणजे टिपून फाइलमध्ये साठवली, ती वायरशार्क या पॅकेट विश्लेषकात (नेटवर्कवरील माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेट, उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) स्वतःच्या प्लगइनसह (जोड-कोडसह) उघडली, आणि पाळी बदलण्याच्या सुमारास ‘मालफॉर्म्ड पॅकेट’ (सदोष रचनेचे पॅकेट) असे शेरे ओळीने आलेले पाहून गेटवे सदोष संदेश पाठवतो असा निष्कर्ष लेखी कळवला. कारखान्याने पुरवठादाराचे उरलेले बिल थांबवले. पुरवठादाराने आरोप फेटाळला. त्याच्या नोंदवहीत प्रत्येक संदेश वेळेवर रवाना झालेला दिसत होता. कॅप्चर फाइल खरी आहे याबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत होते, तिच्या वाचनाबद्दल नव्हते. त्यामुळे वाचन करणाऱ्या प्लगइनचा कोड तपासून द्यावा, असे कारखान्याने मला सांगितले. पुढील विवेचन मुख्यतः त्या कोडचे आहे; वादाचा निकाल त्यातूनच लागला.

विश्लेषक आणि त्याचा वारसा

गेराल्ड कॉम्ब्स यांनी १९९८ मध्ये ‘इथेरियल’ या नावाने प्रसिद्ध केलेला हा विश्लेषक २००६ पासून वायरशार्क या नावाने ओळखला जातो. त्याच्या रचनेत प्रत्येक प्रोटोकॉलसाठी, म्हणजे संदेशांच्या देवाणघेवाणीच्या नियमसंचासाठी, एक स्वतंत्र डिसेक्टर (बाइट वाचून त्यांचा अर्थ लावणारा कोड) असतो. इथरनेटचा डिसेक्टर आपला भाग वाचून उरलेले बाइट आयपीकडे देतो, आयपी टीसीपीकडे देतो आणि टीसीपी पोर्ट क्रमांकावरून (जोडणी कोणत्या सेवेसाठी आहे ते सांगणाऱ्या क्रमांकावरून) किंवा अन्य खुणेवरून पुढच्या डिसेक्टरला हाक मारतो. सर्वसामान्य प्रोटोकॉलचे डिसेक्टर मूळ कोडमध्येच असतात. खासगी प्रोटोकॉलसाठी सी भाषेत प्लगइन किंवा लुआ भाषेत स्क्रिप्ट लिहिता येते. या गटाचे प्लगइन सी भाषेत होते. ते वायरशार्कच्या १.१० मालिकेसाठी लिहिले गेले होते, लिहिणारा अभियंता गट सोडून गेला होता, आणि दुसऱ्या एकाने ते ४.२ मालिकेवर चालेल इतपत बदलले होते.

‘चालेल इतपत’ या शब्दांत या प्रकरणाचा बराच भाग सामावलेला आहे. या दोन मालिकांच्या मधल्या काळात वायरशार्कच्या अंतर्गत रचनेत मोठे बदल झाले. पॅकेटचे तपशील दाखवणाऱ्या झाडात मोकळा मजकूर टाकणारे जुने फंक्शन गेले आणि प्रत्येक गोष्ट नोंदवलेले क्षेत्र म्हणूनच दाखवावी लागू लागली. डिसेक्टरने किती बाइट वापरले हे परत सांगणे आवश्यक झाले, आणि ‘हे पॅकेट माझे नाही’ असे सांगण्यासाठी शून्य परत करण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. पॅकेटचे बाइट ठेवलेल्या बफरची लांबी देणारे एकच जुने फंक्शन जाऊन त्याच्या जागी दोन वेगळी फंक्शने वापरावी लागू लागली. कोड नव्या मालिकेवर नेणाऱ्याने, म्हणजे पोर्ट करणाऱ्याने, कंपायलरच्या (कोडपासून प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाच्या) प्रत्येक तक्रारीवर सर्वांत जवळचा पर्याय टाकला आणि तक्रारी संपल्यावर काम संपले असे मानले. कंपायलरला समाधान देणारा कोड आणि प्रोटोकॉल बरोबर वाचणारा कोड यांतले अंतर अशा पोर्टिंगमध्ये सहज नजरेआड होते.

पॅकेट विश्लेषकाच्या कोडचे परीक्षण करताना मी एक कसोटी लावतो. पॅकेट चुकीचे आहे, पॅकेट माझ्यापर्यंत पूर्ण आलेले नाही, आणि पॅकेट मला समजत नाही, ही तीन विधाने विश्लेषकाने कधीही एकमेकांत मिसळू नयेत. वायरशार्कचा गाभा ही विधाने वेगळी ठेवतो. डिसेक्टरने पॅकेटच्या मूळ लांबीपलीकडे वाचण्याचा प्रयत्न केला तर ‘मालफॉर्म्ड’ असा शेरा येतो. मूळ लांबीच्या आत पण कॅप्चर झालेल्या भागापलीकडे वाचले तर ‘कॅप्चर करताना पॅकेटचा आकार मर्यादित केला होता’ अशा अर्थाचा शेरा येतो. तुकड्यांची जुळणी न झालेल्या ठिकाणी तिसराच शेरा येतो. गाभ्याने दिलेला हा भेद या प्लगइनने जवळपास प्रत्येक ठिकाणी पुसून टाकला होता.

एक सेगमेंट म्हणजे एक संदेश

प्रोटोकॉलची रचना साधी आहे. प्रत्येक संदेशाच्या आरंभी १० बाइटचे हेडर (शीर्षभाग) असते: २ बाइट खुणेचे, १ आवृत्तीचा, १ प्रकाराचा, २ लांबीचे आणि ४ क्रमांकाचे. त्यानंतर प्रकार-लांबी-मूल्य अशा छोट्या नोंदींची मालिका असते आणि शेवटी २ बाइटची सीआरसी, म्हणजे संदेश न बिघडता पोहोचला का हे पडताळण्याची संख्या. जुना डिसेक्टर टीसीपीकडून मिळालेल्या सेगमेंटचा (एका पॅकेटमधून आलेल्या तुकड्याचा) पहिला बाइट हाच हेडरचा पहिला बाइट असे धरून चालत होता. तो एक संदेश वाचत होता आणि मागे काही बाइट उरले असतील तर त्यांचा उल्लेखही न करता परतत होता. खुणेचे दोन बाइट तो झाडात दाखवत असे, पण ते अपेक्षित मूल्याचे आहेत की नाहीत हे तपासत नसे.

टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे. पाठवणाऱ्याने केलेल्या प्रत्येक लेखनाची सीमा दुसऱ्या टोकाला जशीच्या तशी पोहोचेल, असे वचन तो देत नाही. इथरनेटवर १५०० बाइटच्या मर्यादेतून आयपी आणि टीसीपीची किमान २०-२० बाइटची हेडरे वजा केल्यास एका सेगमेंटमध्ये १४६० बाइट मावतात. संदेश लहान आणि घाईने एकामागोमाग लिहिलेले असतील तर एका सेगमेंटमध्ये अनेक संदेश येतात आणि शेवटचा संदेश अर्धा तुटून पुढच्या सेगमेंटमध्ये जातो. त्या पुढच्या सेगमेंटचे पहिले बाइट हे संदेशाच्या मधले बाइट असतात. जुना डिसेक्टर त्यांनाच हेडर समजून लांबीच्या जागी येणारे कोणतेही दोन बाइट लांबी म्हणून घेत होता, ती बहुधा मोठी निघत होती, वाचन पॅकेटच्या टोकापलीकडे जात होते आणि शेरा येत होता ‘मालफॉर्म्ड’.

हे सगळे आधी का झाले नाही, याचे उत्तर गेटवेच्या जुन्या फर्मवेअरमध्ये होते. ते एक संदेश पाठवून पोच येईपर्यंत थांबत असे. तारेवर एका वेळी एकच संदेश असल्यामुळे एक सेगमेंट म्हणजे एक संदेश हे समीकरण व्यवहारात कधी मोडलेच नाही. नवे फर्मवेअर पोचेची वाट न पाहता पुढचे संदेश रवाना करू लागले. दिवसभरात थांबे विखुरलेले असल्याने फरक जाणवला नाही. पाळी बदलताना मात्र अनेक माग जवळजवळ एकाच वेळी थांबतात आणि सुरू होतात, संदेशांची गर्दी होते, आणि नेमके तेव्हाच ते एका सेगमेंटमध्ये कोंबले जातात. तक्रार पाळी बदलण्याच्या वेळेशी जोडलेली होती ही बाब दोन्ही बाजूंच्या पत्रव्यवहारात आलेली होती, परंतु त्या वेळी तारेवरचा प्रवाह कसा बदलतो याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

दुरुस्तीसाठी नवीन काही शोधावे लागले नाही. वायरशार्कमध्ये ‘टीसीपी_डिसेक्ट_पीडीयूज’ हे फंक्शन याच कामासाठी आहे. हेडरची ठरावीक लांबी, हेडरवरून पूर्ण संदेशाची लांबी सांगणारे एक फंक्शन आणि एक पूर्ण संदेश वाचणारे दुसरे फंक्शन त्याला दिले की एका सेगमेंटमधील अनेक संदेश सुटे करणे आणि तुटलेला संदेश पुढच्या सेगमेंटच्या बाइटांशी जोडणे ही दोन्ही कामे ते करते. टीसीपीच्या पसंतींमध्ये वरच्या डिसेक्टरला प्रवाह जुळवू देण्याचा पर्याय मुळातच चालू असतो. क्रम बदलून आलेले सेगमेंट जुळवण्याचा पर्याय मात्र बंद असतो आणि तो गरजेप्रमाणे चालू करावा लागतो.

खरा विचार करावा लागला तो कॅप्चर मध्येच सुरू झाल्यास काय करायचे याबद्दल. ही जोडणी दिवसेंदिवस चालू राहते, त्यामुळे जवळपास प्रत्येक कॅप्चर जोडणीच्या मध्यावर सुरू होते आणि पहिला सेगमेंट संदेशाच्या मध्यापासून असू शकतो. गटातील एकाचा प्रस्ताव असा होता की खूण सापडेपर्यंत बाइट शोधत पुढे जावे. मी त्याला विरोध केला. दोन बाइटची खूण डेटामध्ये योगायोगाने येण्याची शक्यता प्रत्येक जागी ६५,५३६ मध्ये एक असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शोधत पुढे जाणारा डिसेक्टर गेटवेने खरोखर कचरा पाठवला तरी तो गुपचूप ओलांडून जाईल. अखेर असे ठरले: जोडणीवर अद्याप एकही पूर्ण संदेश ओळखला गेलेला नसेल आणि सेगमेंटच्या आरंभी खूण, आवृत्ती व शक्य कोटीतील लांबी या तिन्ही गोष्टी नसतील, तर डिसेक्टरने शून्य परत करून ‘हे मला समजत नाही’ एवढेच सांगावे. एकदा लय सापडल्यानंतर खूण चुकली तर मात्र तो दोष म्हणून ठळकपणे नोंदवावा. त्यातही टीसीपीने ‘आधीचा सेगमेंट कॅप्चर झाला नाही’ अशी सूचना दिली असेल तर आधी तिकडे पाहावे. मिरर पोर्टवर दोन्ही दिशांची रहदारी एकाच दिशेच्या क्षमतेत बसवावी लागते आणि गर्दीत काही पॅकेट स्विचच टाकून देतो. समोरच्या यंत्राने न दिसलेल्या बाइटांचीही टीसीपी पोच दिलेली असेल, तर ते पॅकेट नेटवर्कवर हरवलेले नसून फक्त आपल्याला दिसलेले नाही, हे वायरशार्क स्वतंत्र सूचनेने सांगतो.

पढवलेला साक्षीदार

डिसेक्टरची ही चूक समजल्यानंतर मी सर्व्हरचा कोड मागवला, कारण दोन्ही एकाच गटाने आणि मुळात एकाच व्यक्तीने लिहिले होते. सॉकेटमधून एका वाचनात जे बाइट येतील त्यांना सर्व्हरही एक संदेश मानत होता. पहिल्या संदेशाची पोच देऊन तो उरलेले बाइट टाकून देत होता, आणि पुढच्या वाचनाच्या आरंभी खूण न दिसल्यास ते संपूर्ण वाचनच सोडून देत होता. म्हणजे ज्या संदेशांना विश्लेषक सदोष ठरवत होता किंवा दाखवतच नव्हता, तेच संदेश सर्व्हर गाळत होता. गटाच्या दृष्टीने दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांशी जुळत होते. प्रत्यक्षात विश्लेषक हा फिर्यादीने पढवलेला साक्षीदार होता.

तपासणीचे साधन तपासायच्या वस्तूच्याच गृहीतकांवर उभारले की त्याचा उपयोग उरत नाही. म्हणून डिसेक्टर लिहिताना सर्व्हरचा कोड समोर ठेवू नये, प्रोटोकॉलचा दस्तऐवज ठेवावा, असे माझे मत आहे. येथे दस्तऐवज होता, गेटवेच्या पुरवठादाराकडे. गटाने तो एकदाच, अगदी सुरुवातीला वाचला होता.

कापलेले पॅकेट

दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता आणि थेट पोर्टिंगमधून आला होता. पुरवठादाराने दिलेल्या कॅप्चर फाइली गेटवेवरच टीसीपीडंप या कॅप्चर करणाऱ्या साधनाने घेतलेल्या होत्या, आणि साठवणुकीची जागा कमी असल्याने प्रत्येक पॅकेटचे पहिले ९६ बाइटच ठेवले होते. एके काळी टीसीपीडंप आपणहूनच ६८ बाइटवर पॅकेट कापत असे. हल्लीच्या आवृत्त्यांची मर्यादा २,६२,१४४ बाइट आहे, त्यामुळे कापलेले पॅकेट म्हणजे काय हेच नव्या अभियंत्यांना अनेकदा माहीत नसते. इथरनेट, आयपी आणि टीसीपीच्या हेडरांचे किमान ५४ बाइट वजा केल्यावर ९६ पैकी ४२ बाइटच या प्रोटोकॉलच्या वाट्याला येतात.

कापलेल्या पॅकेटला दोन लांबी असतात: तारेवर होती ती आणि फाइलमध्ये आहे ती. जुन्या एकाच फंक्शनच्या जागी पोर्ट करणाऱ्याने सरसकट फाइलमधली लांबी देणारे फंक्शन घातले होते. जुने फंक्शन तीच लांबी देत असल्याने हा पर्याय शब्दशः बरोबर होता, आणि म्हणूनच मूळ कोडमधली चूक त्यातून तशीच पुढे आली. हेडरमधील लांबी या संख्येपेक्षा मोठी निघाली की डिसेक्टर स्वतःच ‘लांबी चुकीची’ असा शेरा देत होता. पुरवठादाराच्या फाइलींमध्ये त्यामुळे जवळपास प्रत्येक मोठा संदेश दोषी ठरत होता आणि गटाने त्या फाइलीही गेटवेविरुद्धचा पुरावा म्हणून जोडल्या होत्या.

दुरुस्ती करताना हाताने केलेल्या बहुतेक लांबी-तपासण्या काढूनच टाकल्या. डिसेक्टरने फक्त वाचावे. मर्यादा ओलांडली गेल्यास कोणती मर्यादा ओलांडली हे गाभा अधिक अचूक सांगतो. जेथे तपासणी आवश्यकच होती तेथे तारेवरची लांबी वापरली. सीआरसीच्या बाबतीतही हाच भेद लावावा लागला. जुना कोड उपलब्ध बाइटांवर सीआरसी काढून तुलना करत होता, म्हणजे अर्ध्या संदेशाची सीआरसी पूर्ण संदेशाच्या सीआरसीशी ताडत होता. वायरशार्कमध्ये चेकसम (सीआरसीसारखी पडताळणीची संख्या) दाखवणाऱ्या फंक्शनला बरोबर, चूक आणि न तपासलेले अशा वेगवेगळ्या अवस्था देता येतात. संदेशाचे सर्व बाइट फाइलमध्ये नसतील तर आता ‘न तपासलेले’ असे दिसते. वायरशार्क स्वतः टीसीपीचा चेकसमही आपणहून तपासत नाही. पाठवणाऱ्याच यंत्रावर कॅप्चर घेतले असता चेकसम भरण्याचे काम नेटवर्क कार्डाकडे सोपवलेले असते, पॅकेट कार्डापर्यंत जाण्यापूर्वीच टिपले जाते आणि चांगले पॅकेटही सदोष दिसते.

क्लिक केल्यावर बदलणारे उत्तर

तिसरा दोष गटाला माहीत होता, पण तो वायरशार्कचाच स्वभाव असावा असे त्यांनी धरले होते. एखाद्या पोचेवर क्लिक केले की ती कोणत्या संदेशाची आहे हे दिसे, आणि दुसरीकडे जाऊन पुन्हा त्याच पोचेवर आले की वेगळेच उत्तर दिसे. मागील संदेशाची माहिती डिसेक्टर एका सार्वत्रिक चलात (ग्लोबल व्हेरिएबलमध्ये) ठेवत होता. वायरशार्क फाइल उघडताना पॅकेट क्रमाने वाचतो, परंतु त्यानंतर वापरकर्ता ज्या पॅकेटवर जाईल ते पुन्हा, कोणत्याही क्रमाने, वाचले जाते. त्या वेळी सार्वत्रिक चलात शेवटी जे उरले असेल तेच उत्तर म्हणून येते. शेडमध्ये दोन गेटवे असल्यामुळे दोन जोडण्यांची माहितीही त्या एकाच चलात मिसळत होती.

विनंती आणि उत्तर यांची सांगड घालणे ही अनेक प्रोटोकॉलांत चैन नसून गरज असते. याच गेटवेवरील वीजमीटर मॉडबसवर बोलतात. १९७९ पासूनचा हा प्रोटोकॉल टीसीपीवर ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो, आणि रजिस्टर वाचण्याच्या विनंतीला येणाऱ्या उत्तरात फक्त मूल्ये असतात, रजिस्टरचा पत्ता नसतो. विनंती लक्षात न ठेवता उत्तर वाचणाऱ्याला ते मूल्य व्होल्टेजचे आहे की पॉवर फॅक्टरचे हे कळूच शकत नाही. वायरशार्कमधील मॉडबसचा डिसेक्टर ही सांगड जोडणीनिहाय राखतो; गटाला नमुना म्हणून तोच वाचायला दिला.

नव्या रचनेत प्रत्येक जोडणीसाठी, आणि तिच्यात प्रत्येक क्रमांकासाठी, संदेश कोणत्या फ्रेममध्ये (टिपलेल्या पॅकेटमध्ये) होता व पोच कोणत्या फ्रेममध्ये आली याची नोंद फाइल उघडी असेपर्यंत टिकणाऱ्या स्मृतीत ठेवली जाते. ती नोंद फक्त पहिल्या, क्रमाने होणाऱ्या वाचनात भरली जाते. नंतरच्या प्रत्येक वाचनात ती केवळ पाहिली जाते. त्याबरोबरच ‘पोच न मिळालेला संदेश’ असे एक गाळणीयोग्य क्षेत्र जोडले. पोच पुढच्या फ्रेममध्ये येत असल्यामुळे हे क्षेत्र टी-शार्कमध्ये, म्हणजे वायरशार्कच्या आदेशपंक्तीवर चालणाऱ्या रूपात, एका फेरीत भरता येत नाही. दोन फेऱ्यांचा पर्याय द्यावा लागतो. गटाच्या पहिल्या चाचण्यांत हा पर्याय नव्हता, त्यामुळे प्रत्येक संदेश बिनपोचेचा दिसत होता.

पोर्टचा प्रश्न त्या मानाने किरकोळ होता. गटाने आपल्या प्रोटोकॉलसाठी ९१०० हा क्रमांक निवडला होता. लेबल छापणारे नेटवर्क प्रिंटरही सामान्यतः याच पोर्टवर कच्चा डेटा घेतात. पॅकिंग विभागातील प्रिंटरची रहदारी त्यामुळे मागांचे सदोष संदेश म्हणून दिसत होती आणि तीही मोजणीत धरली गेली होती. शून्य परत करण्याची वर सांगितलेली तपासणी आल्यावर ती आपोआप वेगळी झाली, आणि पोर्ट क्रमांक कोडमधून काढून पसंतीत ठेवला.

शून्य लांबीची नोंद

संदेशाच्या आतील नोंदी वाचणारा लूप प्रत्येक नोंदीची लांबी घेऊन तेवढे पुढे सरकत असे. येथील लांबी हेडरसह मोजली जाते, त्यामुळे ती शून्य आली तर लूप जागचा हलत नसे आणि वायरशार्क गोठत असे. असा संदेश गेटवेने कधी पाठवलेला नाही, म्हणून दुरुस्ती कशाला, असा प्रश्न गटातून आला. डिसेक्टर हा नेमका बिघडलेल्या रहदारीसाठीच उघडला जातो, आणि वायरशार्कच्या सुरक्षा सूचनांमध्ये डिसेक्टर कोसळणे व अनंत लूप हे प्रकार वारंवार आढळतात, हे त्याचे उत्तर. कॅप्चर करण्याचे विशेषाधिकार डंपकॅप या छोट्या स्वतंत्र प्रोग्रामपुरते मर्यादित ठेवून बाकीचा वायरशार्क साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालवण्याची रचनाही याच धोक्यामुळे आहे. गट मात्र सवयीने सगळाच प्रोग्राम प्रशासकाच्या अधिकारात चालवत होता.

आता लांबी नोंदीच्या हेडरपेक्षा कमी असेल तर सूचना देऊन लूप तेथेच थांबतो. एवढ्यावर न थांबता फझ चाचणीही (मुद्दाम बिघडवलेला डेटा देऊन घेतलेली चाचणी) बसवली. एडिटकॅप हे वायरशार्कसोबत येणारे साधन दिलेल्या संभाव्यतेने पॅकेटमधील बाइट बिघडवून नवी फाइल तयार करते. अशा फाइली स्मृतीच्या वापरातील चुका पकडणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझरसह बांधलेल्या टी-शार्कला रात्रभर खाऊ घातल्या जातात. पहिल्याच रात्री शून्य लांबीचा लूप तिने स्वतंत्रपणे शोधून दिला, आणि मागाचा क्रमांक थेट ॲरेचा निर्देशांक म्हणून वापरणारी एक ओळही, जी परीक्षणात माझ्या किंवा गटाच्या नजरेस आलेली नव्हती.

नियमित चाचण्यांसाठी निवडक कॅप्चर फाइली, त्यांचे टी-शार्कने जेसन स्वरूपात दिलेले अपेक्षित उत्तर आणि दोहोंची तुलना, एवढीच व्यवस्था केली. फाइली निवडताना सुरळीत रहदारीपेक्षा अडचणीच्या रहदारीला प्राधान्य दिले: मध्येच सुरू झालेले कॅप्चर, कापलेले पॅकेट, हेडरच्या मधोमध तुटलेला संदेश, एकाच वेळी दोन गेटवे. संदेशांत विणकरांचे क्रमांक असतात. ते बदलून सीआरसी नव्याने भरल्याशिवाय कोणतीही फाइल कोडच्या भांडारात ठेवायची नाही, हा नियम व्यवस्थापनाने नव्हे तर गटातील सर्वांत कनिष्ठ अभियंतीने सुचवला. एखादा विणकर किती वेळ मागापासून दूर होता ही माहिती चाचणी-फाइलमधून बाहेर जाणे किती महागात पडू शकते, हे तिला बाकीच्यांहून चांगले उमगले होते.

निकाल आणि उरलेली कामे

दुरुस्त प्लगइनने वादातील मूळ फाइल पुन्हा वाचल्यावर पूर्ण कॅप्चर झालेल्या संदेशांपैकी एकाचीही सीआरसी चुकलेली निघाली नाही आणि संदेशांचे क्रमांक खंड न पडता चालत होते. बिनपोचेचे संदेश गाळून काढले, तेव्हा त्यांतील प्रत्येक संदेश एक तर सेगमेंटच्या आरंभी नव्हता किंवा दोन सेगमेंटमध्ये विभागलेला होता. गटाने हा निष्कर्ष कोणतीही सबब न देता स्वीकारला, सर्व्हरमध्ये जोडणीनिहाय बफर ठेवून संदेश सुटे करणारा कोड लिहिला, आणि कारखान्याने पुरवठादाराचे बिल मोकळे केले. पुरवठादाराची बाजू पूर्ण निर्दोष होती असे मात्र मी अहवालात लिहिले नाही. पोच न आलेला संदेश पुन्हा पाठवण्याची तरतूद नव्या फर्मवेअरमध्ये नव्हती. पोचेची वाट पाहणे सोडताना ती ठेवायला हवी होती.

प्लगइन सी भाषेतच ठेवावे की लुआमध्ये नव्याने लिहावे यावर बरीच चर्चा झाली. सी प्लगइन वायरशार्कच्या ज्या मालिकेसाठी बांधले तेथेच चालते, ४.२ साठी बांधलेले ४.४ मध्ये चालत नाही. लुआ स्क्रिप्ट बांधावी लागत नाही आणि प्रवाह सुटा करण्याची सोय तिच्यातही आहे. रहदारी एवढी कमी असताना मी कोऱ्या पाटीवर लुआच निवडली असती. परंतु तपासलेला सी कोड आणि त्याच्या चाचण्या हाताशी असताना केवळ सोयीसाठी पुन्हा लिहिणे गटाला पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे अयोग्य नव्हते. जीएलआयबी या लायब्ररीचे जुने डेटा-प्रकार सोडून सी भाषेच्या सी९९ मानकातील प्रकारांकडे जाण्याचे जे काम वायरशार्कमध्ये चालू आहे, त्यामुळे पुढच्या मालिकेवर जाताना कंपायलर पुन्हा तक्रार करील. त्या वेळी प्रत्येक बदल चाचण्या चालवूनच भांडारात जाईल. वायरशार्क जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली असल्याने प्लगइनची बांधलेली प्रत कारखान्याला देताना स्रोत कोडही द्यावा लागतो, ही गोष्ट गटाने आजवर पाळली नव्हती. आता दोन्ही एकत्र दिले जातात.

कारखान्याच्या चिंचोळी येथील नव्या शेडसाठी मागवलेले गेटवे संदेश टीएलएसमधून, म्हणजे कूटबद्ध जोडणीतून, पाठवणार आहेत. डिसेक्टरची टीएलएसच्या पोर्टसारणीतही नोंद केली की प्रवाह सुटा करणारा हाच कोड तेथे चालेल. टीएलएस १.३ मध्ये सर्व्हरची खासगी किल्ली हाती असली तरी टिपलेली रहदारी उलगडत नाही, प्रत्येक सत्राची गुपिते वेगळी नोंदवून ठेवावी लागतात. चाचणीच्या सर्व्हरवर ती नोंद चालू करण्याचा पर्याय गटाने तयार ठेवला आहे. प्रत्यक्ष कारखान्यात तो कोणाच्या परवानगीने आणि किती काळ चालू करायचा, हे अद्याप ठरलेले नाही.